नोंद कुणाच्या नावावर?

माझी मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नर्सिंगमधला कुठलाही विषय निघाला की ती अजून सावरून बसते. अमेरिकेत मला नर्स प्रॅक्टिशनरांच्या पाहणीचं काम मिळालं, तेव्हा हे पद काय असतं ते मी तिला फोनवर सांगत होते. नर्सच, पण पुढे मास्टर्स किंवा डॉक्टरेट केलेली. रुग्ण तपासते, निदान करते, रक्ताच्या तपासण्या सांगते, औषधं लिहून देते.

"लिहून देते म्हणजे? खाली सही कुणाची?"

"तिचीच."

मावशी क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि नोंद? नोंद पण तिच्याच नावावर होते?"

मी हो म्हणून टाकलं. ते उत्तर अर्धंच खरं होतं, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

मी संख्याशास्त्र शिकले ते पुण्यात. नर्सिंगशी माझा संबंध मावशीपुरताच. इथल्या एका विद्यापीठाच्या नर्सिंग शाळेत आकडेवारी हाताळायला म्हणून मी रुजू झाले आणि पहिल्याच बैठकीत प्रकल्प समोर आला. ॲपलाचियन डोंगररांगांतल्या खेड्यापाड्यांत प्राथमिक उपचार करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर किती स्वतंत्रपणे काम करतात, जवळपास डॉक्टर असतो का, त्यांची नोकरीत टिकायची इच्छा आहे का, हे विचारायचं होतं. प्रश्नावली जवळजवळ तयार होती. मला वाटलं, अवघड भाग उरकलाय. बैठक संपताना आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "आता यादी आणा."

नमुना पाहणीचा सगळा डोलारा यादीवर उभा असतो. प्रत्येक व्यक्ती निवडली जाण्याची संधी किती, हे माहीत असेल तरच थोड्यांच्या उत्तरांवरून सगळ्यांबद्दल बोलता येतं. जी यादीत नाही तिची संधी शून्य, आणि शून्याला नंतर कितीही भार दिला तरी शून्यच राहतं. वर्गात हे एका ओळीत शिकवतात आणि पुढे जातात. मी त्या ओळीवर दीड वर्ष काढलं.

पहिला प्रश्न साधा होता: देशात नर्स प्रॅक्टिशनर आहेत तरी किती? या पेशाची सुरुवात १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यातली नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी पहिला अभ्यासक्रम उभा केला. जिथे मुलांना डॉक्टर मिळत नव्हता तिथे नर्सने पुढचं पाऊल टाकावं, हा हेतू. साठ वर्षांत हा पेशा इतका फोफावला की निम्म्याहून अधिक राज्यांत आता त्यांना डॉक्टरच्या देखरेखीच्या कराराशिवाय काम करता येतं. मग त्यांची मोजदाद पक्की असेलच, असं मी धरून चालले होते.

२०२३ सालासाठी माझ्यासमोर दोन आकडे होते. नर्स प्रॅक्टिशनरांची राष्ट्रीय संघटना ३ लाख ८५ हजारांहून अधिक परवानाधारक सांगत होती. केंद्रीय श्रमसांख्यिकी विभागाचा मे महिन्याचा आकडा होता २ लाख ८० हजारांच्या आसपास. लाखभराची तफावत! पहिले काही दिवस मी कोण बरोबर हेच शोधत बसले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एक जण परवाने मोजत होता. परवाना घेऊन नर्स शिकवायला जाते, घरी बसते, निवृत्त होते, तरी परवाना चालू राहतो. दुसरा मोजत होता नोकऱ्या, आणि तेही मालकांना विचारून. ज्या नर्सचा स्वतःचा दवाखाना आहे ती त्यात येतच नाही. जी दोन ठिकाणी काम करते ती दोनदा येऊ शकते. शिवाय व्यवसायांच्या सरकारी वर्गीकरणात नर्स प्रॅक्टिशनरला वेगळा क्रमांक मिळाला तोच मुळी २०१० साली. त्याआधीची चाळीसएक वर्षं ती 'नोंदणीकृत नर्स' या मोठ्या ढिगात मिसळलेली होती. ती वर्षं आता मागे जाऊन वेगळी काढता येत नाहीत.

नवी पाहणी काढण्याआधी झालेल्या पाहण्या नीट वाचाव्यात, हे मी आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते. तेव्हा मला ते कुणी सांगितलं नव्हतं. केंद्र सरकारच्या आरोग्य मनुष्यबळ विभागाने १९७७ ते २००८ या काळात दर काही वर्षांनी नोंदणीकृत नर्सेसची राष्ट्रीय नमुना पाहणी केली. मग ती थांबली. २०१२ मध्ये फक्त नर्स प्रॅक्टिशनरांची वेगळी पाहणी झाली. तिने परवानाधारकांचा अंदाज १ लाख ५४ हजार दिला आणि त्यांतल्या १ लाख २७ हजार प्रत्यक्ष रुग्णसेवेत आहेत असं दाखवलं. म्हणजे परवाना असलेली आणि रुग्ण पाहणारी यांत किती अंतर आहे, ते तिथेच उघड झालं होतं. २०१८ मध्ये मूळची पाहणी पुन्हा सुरू झाली, या वेळी नर्स प्रॅक्टिशनरांचा पुरेसा मोठा नमुना घेऊन, आणि जवळपास पन्नास हजार नर्सेसनी उत्तरं दिली. २०२२ मध्ये पुन्हा झाली. ही माहिती संशोधकांना खुली आहे, प्रश्नावलीसकट. आम्ही आमचे निम्मे प्रश्न त्यातल्या शब्दांत बदलून घेतले, म्हणजे उत्तरं राष्ट्रीय आकड्यांशी ताडून पाहता येतील. पण खुल्या फायलीत काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, नाहीत. आम्हाला जायचं होतं डोंगरातल्या काउंट्यांमध्ये. मग यादी आपणच करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

राज्याच्या परवाना खात्याकडून आलेली यादी हा आमचा पाया. तिच्यात प्रत्येक परवानाधारक होती, जन्मवर्ष होतं, घरचा पत्ता होता. ती नर्स काम कुठे करते, कसल्या रुग्णांवर करते, हे नव्हतं. खात्याला ते लागतच नाही. परवाना वैध आहे की नाही एवढंच त्यांचं काम. या पेशाचं नावसुद्धा राज्याराज्यांत बदलतं. कुठे नर्स प्रॅक्टिशनर, कुठे सीआरएनपी, कुठे एआरएनपी, कुठे एपीआरएन. शेवटच्या नावाखाली तर सुईणी, भूल देणाऱ्या नर्सेस आणि क्लिनिकल नर्स तज्ज्ञही येतात. कौटुंबिक आणि मानसोपचार अशा दोन शाखांची पात्रता असलेली एकच बाई आमच्या यादीत दोन ओळींत बसली होती.

कामाचा पत्ता मिळवायला आम्ही दुसऱ्या यादीकडे वळलो. अमेरिकेत विम्याकडे बिल पाठवणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय व्यक्तीला दहा अंकी क्रमांक असतो, एनपीआय. १९९६च्या कायद्यातून ही पद्धत निघाली आणि २००७ पासून बंधनकारक झाली. या क्रमांकांची फाइल दर महिन्याला कुणालाही उतरवून घेता येते. कित्येक लाख ओळी, तीनशेहून अधिक रकाने. एक्सेलमध्ये ती उघडतसुद्धा नाही. पहिल्यांदा ती संगणकात चढली तेव्हा मला खजिना सापडल्यासारखं झालं. दवाखान्याचा पत्ता आहे, टपालाचा पत्ता आहे, फोन आहे, परवाना क्रमांकासाठी जागा आहे, आधीच्या आडनावालाही रकाना आहे! लग्नानंतर बदललेल्या आडनावांनी माझी पंचाईत केली होती, त्यामुळे त्या एका रकान्याबद्दल मी त्या फाइलीची आजही ऋणी आहे. शिवाय पेशाचा संकेतांक आहे: ३६३एल म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, १६३डब्ल्यू म्हणजे साधी नोंदणीकृत नर्स.

आमच्या गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव ते गेल्यानंतर कितीतरी वर्षं तसंच होतं. तलाठ्याने ते मुद्दाम ठेवलं नव्हतं. वारसांपैकी कुणी अर्ज दिला नाही, फेरफार पडला नाही, एवढंच. एनपीआयचं तसंच आहे. क्रमांक जन्मभर तोच राहतो. काही बदललं तर तीस दिवसांत कळवायची जबाबदारी ज्याची त्याची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा रुग्ण पाहणारी बाई नोकरी बदलल्यावर ते कळवायला विसरते, यात मला तिचा दोष वाटत नाही. पण जो ती यादी वापरतो त्याने फेरफार राहिले असणार हे धरूनच चालायला हवं. मी ते धरलं नाही.

मी केलं असं: ज्यांचा मुख्य संकेतांक १६३डब्ल्यू होता त्या सगळ्या ओळी गाळल्या. साध्या नर्सेस आहेत, आपल्या कामाच्या नाहीत, असा विचार. परवान्याच्या यादीतल्या ज्या नावांना ३६३एलची जोड मिळाली नाही ती 'प्राथमिक उपचारात नाहीत' अशी बाजूला काढली. यादी सुटसुटीत झाली. सगळ्यांना ती आवडली.

पाकिटं गेली. आमची पद्धत पाहणीतज्ज्ञ डॉन डिलमन यांनी घालून दिलेली होती: आधी एक पत्र, मग प्रश्नावली, मग आठवणीचं कार्ड, मग पुन्हा प्रश्नावली, आणि पहिल्याच पाकिटात दोन डॉलरची कोरी नोट. उत्तर आल्यावर पैसे देऊ असं सांगण्यापेक्षा आधीच हातात ठेवलेली छोटी रक्कम जास्त उपयोगी पडते, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पत्रिकेबरोबर अक्षता." मला त्याहून चांगलं स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. डोंगरातल्या एका दवाखान्यातून एक नर्स प्रॅक्टिशनर बोलत होती. आवाजात तक्रार नव्हती, कुतूहल होतं. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीला आमचं पाकीट आलं, हिला आलं नाही, असं का? नमुन्यात सगळीच नावं येत नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं, असं मी समजावलं. ती म्हणाली, "पण तुमच्या पत्रात तर लिहिलंय की या काउंट्यांतल्या सगळ्यांना विचारताय." ते खरं होतं. ज्या काउंट्यांत मोजक्याच नर्स प्रॅक्टिशनर होत्या तिथे आम्ही नमुना न काढता सगळ्यांना घेतलं होतं. मी तिचं नाव शोधलं. परवाना यादीत होतं. एनपीआय होता. संकेतांक १६३डब्ल्यू.

तिने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. ती त्याच दवाखान्यात आधी नर्स होती. तेव्हाच केव्हातरी कार्यालयाने तिच्यासाठी क्रमांक काढला. मग नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी अभ्यास करून ती नर्स प्रॅक्टिशनर झाली. क्रमांक तोच राहिला, संकेतांक बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी विचारलं, मग तुमची बिलं कशी जातात? ती सहज म्हणाली, "डॉक्टरांच्या क्रमांकावर."

इथे मला मावशीचा प्रश्न आठवला.

१९९७च्या केंद्रीय कायद्यानंतर नर्स प्रॅक्टिशनर सगळीकडे स्वतःच्या क्रमांकावर मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, बिल लावू शकते. पण मग दर मिळतो डॉक्टरच्या ८५ टक्के. ठरावीक अटी पाळून तीच सेवा डॉक्टरच्या कामाचा भाग म्हणून दाखवली तर पूर्ण शंभर टक्के मिळतात. अटींमध्ये डॉक्टरने रुग्णाचा उपचार आधी सुरू केलेला असणं येतं, देखरेख येते. पंधरा टक्क्यांवर छोट्या दवाखान्याचं भाडं अवलंबून असतं. त्यामुळे हिशेब कुठे झुकतो ते सांगायला नको. हे कायदेशीर आहे. पण परिणाम असा की सकाळपासून वीस रुग्ण तपासणारी बाई बिलांच्या राष्ट्रीय आकडेवारीत कुठेच दिसत नाही. बिलं वाचून 'इथे नर्स प्रॅक्टिशनर काय काम करतात' हे ठरवायला निघालेला संशोधक त्या वीस रुग्णांचं श्रेय डॉक्टरच्या खात्यात टाकतो आणि त्याला ते कळतही नाही.

माझ्या यादीतून नावं योगायोगाने, कुणाचीही गळली असती तर फार बिघडलं नसतं. गळल्या त्या नेमक्या तिच्यासारख्या: त्याच गावात नर्स म्हणून राबलेल्या, तिथेच पुढे शिकलेल्या, तिथेच राहिलेल्या. बाहेरून नव्याने आलेल्या बाईचा क्रमांक नवा, संकेतांक बरोबर. आमचा एक मुख्य प्रश्न होता 'पुढच्या दोन वर्षांत ही नोकरी सोडायचा विचार आहे का', आणि ज्यांची सोडून जाण्याची शक्यता सगळ्यात कमी त्यांनाच मी आधी काढून ठेवलं होतं. उत्तरं किती का येईनात, निष्कर्ष तिरकाच निघाला असता.

पुण्यात आमचे सर सुखात्म्यांबद्दल फार प्रेमाने बोलायचे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. चाळीसच्या दशकात पिकांचा उतारा मोजायच्या पद्धतीवरून त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. शेतात छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढायचं, अशी पद्धत. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगून दिसतं. कारण कडेवरची ताटं आत की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत ती आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. परीक्षेपुरतं मी ते पाठ केलं होतं. आता माझ्यासमोर सगळी कडेचीच ताटं होती. परवाना आहे पण रुग्णालयात साधी नर्स म्हणून काम करते, ती आत की बाहेर? नदीपलीकडच्या राज्यात राहते, रोज पूल ओलांडून इथे येते, ती? आठवड्यातला एक दिवस रुग्ण पाहते आणि चार दिवस शिकवते, ती? घर इथे, रुग्ण पडद्यावर दुसऱ्याच राज्यातले, ती? मी कडेवरची नावं बाहेर ढकलत गेले होते.

मी प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. पाकिटं गेलेली, पैसे खर्च झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, किती लागेल? मी म्हटलं, तीन महिने.

ते तीन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मी आज म्हणेन. आम्ही परवान्याची यादी पाया म्हणून कायम ठेवली आणि संकेतांकावरून कुणालाही गाळायचं बंद केलं. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर छाननीचे तीन प्रश्न आले. आत की बाहेर हे आता तिने सांगायचं होतं, आम्ही ठरवायचं नव्हतं. एका बाजारी यादीसाठी आम्ही पैसे मोजले होते, तिच्यात मोठ्या रुग्णालय-समूहांची नावं ताजी होती. एकट्या-दुकट्या दवाखान्यांची नव्हती. मग मी खेड्यांतल्या दवाखान्यांना फोन करत गेले. मावशी दरवर्षी पात्र जोडप्यांची पाहणी करायची, घरोघर, हातात नोंदवही घेऊन. मागच्या वर्षीची वही पुढे ठेवायची पण तिच्यावर विसंबायची नाही. मी तेच करत होते, फक्त फोनवरून. स्वागतकक्षातल्या बायकांना सगळं ठाऊक असतं. कोण मार्चमध्ये सोडून गेली, कोण बाळंतपणाच्या रजेवर आहे, कोण मंगळवारीच येते. त्यांची ही माहिती कुठल्याही सरकारी फाइलीत नाही.

परत आलेली पाकिटंही आम्ही टाकली नाहीत. प्रत्येकावर टपालखात्याची पिवळी चिठ्ठी असते, कधी तिच्यावर नवा पत्ताही. पाकीट घरी पाठवलं होतं की दवाखान्यात, हे लिहून ठेवलं. ज्यांनी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही त्यांचं वय आणि गाव परवाना यादीतून माहीत होतं, ते उत्तर देणाऱ्यांशी ताडून पाहिलं; तरुण नर्सेस कमी बोलल्या होत्या, त्याप्रमाणे भार लावले. एक गोष्ट मात्र छापली नाही. काही काउंट्यांत दोन-तीनच नर्स प्रॅक्टिशनर होत्या. तिथला आकडा वेगळा दिला असता तर कोण नोकरी सोडायच्या विचारात आहे हे तिच्या मालकाला पहिल्याच वाचनात कळलं असतं. त्या काउंट्या आम्ही शेजारच्यांबरोबर जोडून टाकल्या. यावर एका सहकाऱ्याशी माझी चांगलीच वादावादी झाली; तपशील हरवतो असं त्याचं म्हणणं. हरवला. त्या बाईची नोकरी त्याहून मोलाची होती.

दुसऱ्या फेरीत, फोन करणाऱ्या त्या डोंगरातल्या नर्सलाही पाकीट गेलं. दहा दिवसांत उत्तरं येऊ लागली. तिचं कोणतं ते मला माहीत होतं असं म्हणणं चूक ठरेल; पाकिटांवर फक्त क्रमांक असतात आणि ते नावांशी जोडणारी फाइल वेगळी, कुलूपबंद असते. पण एका प्रश्नावलीच्या अठराव्या प्रश्नापाशी मी थांबले. 'तुम्ही तपासलेल्या रुग्णांची बिलं कुणाच्या क्रमांकावर जातात?' खाली चार पर्याय: माझ्या, डॉक्टरच्या, दोन्ही, सांगता येत नाही. कुठल्याच चौकोनात खूण नव्हती. समासात निळ्या शाईने लिहिलं होतं: 'आजवर विचारलं नव्हतं. काल कार्यालयात विचारलं. ते बघून सांगणार आहेत.'

आमच्या संकेतवहीत या उत्तराला आकडा नव्हता. मी पाच हा आकडा दिला आणि पुढच्या प्रश्नावल्या काढून बघत बसले, अजून कुणी असं लिहिलंय का.